तिंदूफच्या छावण्यांतून 'घरी परत' म्हणजे नेमकं कुठे, आणि कुठल्या कागदावर?

दुर्बीण

दर ऑक्टोबरात संयुक्त राष्ट्रांच्या चौथ्या समितीपुढे पश्चिम सहारावर, म्हणजे मोरोक्कोच्या दक्षिणेला असलेल्या जुन्या स्पॅनिश वसाहतीवर, बोलायला अर्जदारांची रांग लागते. प्रत्येकाला मोजून काही मिनिटं. त्यात हमखास कुणीतरी असतं जे अल्जीरियातल्या तिंदूफजवळच्या छावणीत लहानाचं मोठं झालं, मग बाहेर पडलं, आणि आता सांगतं, 'तिथे राहिलेल्या आमच्या कुटुंबांना घरी येऊ द्या.' थोड्या वेळाने दुसरा माजी निर्वासित उठतो. तोही छावणीतच वाढलेला, आणि तोही म्हणतो, 'आमच्या कुटुंबांना घरी जाऊ द्या.'

वाक्य जवळपास तेच, अर्थ उलटे. पहिल्याला मोरोक्कोच्या सत्तेखालची स्वायत्तता मान्य करून लायून किंवा स्मारा शहरात परतायचंय. दुसऱ्याला आधी स्वातंत्र्यावर सार्वमत हवंय, मग घर. मराठीत याबद्दल जे थोडंफार छापून येतं त्यात दोघांना एकाच गाठोड्यात बांधतात.

पार्श्वभूमी थोडक्यात. १६ ऑक्टोबर १९७५ ला आंतरराष्ट्रीय न्यायालयाने सांगितलं की या प्रदेशाचे मोरोक्को आणि मॉरिटानियाशी काही जुने संबंध होते, पण सार्वभौमत्वाचे नव्हते. ६ नोव्हेंबरला मोरोक्कोचा साडेतीन लाख लोकांचा 'हरित मोर्चा' आत आला. १४ नोव्हेंबरला माद्रिदमध्ये स्पेनने कारभार या दोन शेजाऱ्यांकडे सोपवायचं ठरवलं आणि फेब्रुवारी १९७६ अखेर स्वतः निघून गेला. त्याच हिवाळ्यात उम्म द्रेगा, ग्वेल्ता झेम्मूर इथे पळून आलेल्यांच्या तंबूंवर विमानांतून बॉम्ब पडले. माणसं पूर्वेकडे सरकत अल्जीरियात शिरली. आता तिथे त्यांची नातवंडं आहेत.

कोण बरोबर यावर इथे आधीच दोन धागे कुलूपबंद झाले आहेत, ते नको. चर्चा एवढीच हवी: उद्या दोन्ही बाजू 'हो' म्हणाल्या, तर एक कुटुंब कुठून निघेल, कुठल्या रस्त्याने जाईल, काय दाखवेल आणि कुठे अडेल?

नकाशेवाला

आधी जागा नीट लावून घेऊ.

छावण्या पाच: लायून, स्मारा, औसर्द, दाखला, बुजदूर. नावं मुद्दाम मागे राहिलेल्या गावांची ठेवलेली. प्रत्येक छावणी म्हणजे एक विलाया (प्रांत), तिच्यात दाइरा (तालुका), दाइरात बॅरिओ (मोहल्ला). शेवटचा शब्द स्पॅनिश, तो तसाच टिकलाय. कचेऱ्या आणि गोदामं रबुनीला. चार छावण्या तिंदूफच्या आसपास, दाखला मात्र दीडशे किलोमीटरहून लांब आग्नेयेला. त्यामुळे पाण्याच्या टँकरपासून शिध्यापर्यंत सगळं तिथे उशिरा पोचतं. लोकसंख्येवर वाद आहे. संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित संस्थेचा २०१८ चा अंदाज १,७३,६०० होता. मोरोक्कोला तो फुगवलेला वाटतो, म्हणून तो शिरगणती मागतो.

तिंदूफ ते लायून शहर हवाई अंतर सुमारे ५०० किलोमीटर. पुणे-नागपूरपेक्षा कमीच. पण मध्ये मोरोक्कोचा बांध आहे: वाळू-दगडांचा, १९८० ते १९८७ मध्ये सहा टप्प्यांत घातलेला, २,७०० किलोमीटर लांब. पश्चिमेकडचा साधारण चार-पंचमांश भाग मोरोक्कोकडे, पूर्वेची पट्टी पोलिसारिओकडे, म्हणजे स्वातंत्र्य मागणाऱ्या आणि छावण्या चालवणाऱ्या सहरावी (पश्चिम सहारातल्या लोकांच्या) संघटनेकडे. १९९७-९८ च्या लष्करी करारांनी बांधाच्या पूर्वेला आणि दक्षिणेला ५ किलोमीटरचा पट्टा दोघांनाही वर्ज्य ठरवला.

सरळ रस्ता नाही. अल्जीरिया-मोरोक्को जमीन सरहद्द १९९४ पासून बंद आहे. अल्जीरियाने ऑगस्ट २०२१ मध्ये मोरोक्कोशी संबंध तोडले आणि पुढच्याच महिन्यात हवाई हद्दही बंद केली, म्हणजे विमानाचा रस्ताही गेला. उरतो तो वळसा. तिंदूफहून दक्षिणेला २०१८ मध्ये उघडलेल्या नाक्यावरून मॉरिटानियात, मग झुएरात, तिथून लोहखनिजाच्या आगगाडीने किंवा गाडीने सातशे किलोमीटर नुआदिबूला, आणि शेवटी गर्गरातचा नाका ओलांडून दाखला शहर. एकट्या तरुणाला हे जमतं. आजी, दोन लेकरं आणि शेळ्या घेऊन नाही.

गर्गरातपाशी दोन चौक्यांमध्ये काही किलोमीटरचा बेवारस तुकडा होता, ट्रकवाले त्याला 'कंदहार' म्हणायचे. १३ नोव्हेंबर २०२० ला मोरोक्कन सैन्य तिथे शिरलं आणि १९९१ ची शस्त्रसंधी मोडली ती तिथेच.

कंदील

माफ करा, गोंधळ झाला. दाखला छावणी अल्जीरियात आणि दाखला शहर समुद्रकाठी? म्हणजे दाखल्यातून निघून दाखल्याला जायचं?

सातबारा

@कंदील, बरोबर. आणि दाखल्याला जायला दाखला लागतो, तोच नाही. विनोद झाला, पण धाग्याचा गाभा हाच आहे.

हे वाळवंटी गुरंपाळांचं जग होतं. फार थोड्या कुटुंबांकडे जागेचे कागद होते, हक्क असायचा तो विहिरीवर आणि चराऊ पट्ट्यावर. त्यामुळे 'तू इथलाच' हे ठरवायला आधार स्पेनने १९७४ मध्ये केलेल्या जनगणनेचा. त्यात माणसं भरली सुमारे ७४ हजार. भटकी कुटुंबं सुटली, शेजारी देशांत गेलेली सुटली.

संयुक्त राष्ट्रांच्या १९९१ च्या तोडग्यात सार्वमत जानेवारी १९९२ मध्ये व्हायचं होतं, आणि परतीचा हक्क मतदारयादीला जोडलेला होता: ज्याचं नाव यादीत, तो आणि त्याचं जवळचं कुटुंब परत. म्हणून यादीवर एवढी रस्सीखेच. पात्रतेच्या कसोट्या पाच. १९७४ च्या गणनेत नाव असणं ही पहिली. तेव्हा तिथे राहत होता पण गणनेत आला नाही, ही दुसरी. या दोघांचे आईवडील आणि मुलं, ही तिसरी. इथवर फार भांडण नव्हतं. चौथी: वडील त्या प्रदेशात जन्मलेले. पाचवी: सहारी टोळीचा सदस्य आणि १ डिसेंबर १९७४ आधी सलग सहा किंवा तुटक बारा वर्षं तिथे राहिलेला. या दोन कसोट्यांनी दक्षिण मोरोक्कोतल्या हजारो अर्जदारांना दार उघडलं, आणि पोलिसारिओच्या मते यादी बुडवायचा रस्ताही.

तपासणी कशी व्हायची ते बघा. टोळीच्या प्रत्येक उपशाखेचे १९७४ चे शेख बोलवायचे, एक या बाजूचा, एक त्या बाजूचा. अर्जदार समोर उभा. बाप कोण, आजा कोण, कुठल्या विहिरीवर उतरायचे, हे तोंडी विचारायचं. कागदापेक्षा शेखाच्या 'ओळखतो' किंवा 'ओळखत नाही' ला वजन. एक शेख मेला किंवा आलाच नाही, की अख्ख्या उपशाखेची तपासणी ठप्प. काम ऑगस्ट १९९४ ला सुरू झालं, १९९६ मध्ये थांबलं, मोरोक्को-पोलिसारिओच्या १९९७ च्या ह्यूस्टन करारानंतर पुन्हा चाललं आणि १९९९ अखेर संपलं. १,९८,४६९ अर्जदार तपासले, ८६,३८६ पात्र ठरले. लगेच १ लाख ३० हजारांहून जास्त अपिलं. आधीच्याच वेगाने त्यांचा निकाल लावायचा तर आणखी किती वर्षं, हा हिशेब न्यूयॉर्कमध्ये कुणीतरी केला आणि ती यादी तिथेच मिटली.

आता नावांचं. एक काल्पनिक माणूस घ्या. १९७४ च्या स्पॅनिश कार्डावर तो 'सालेम उल्द अहमद उल्द लेहबीब'. छावणीच्या अरबी नोंदीत 'सालेम अहमद लेहबीब', पुढे टोळीचं नाव असेल किंवा नसेल. त्याचा सख्खा भाऊ लायूनमध्ये राहिला, त्याला मोरोक्कोच्या नागरी नोंदणीत कायमचं आडनाव घ्यावं लागलं, ते वेगळंच, फ्रेंच स्पेलिंगमध्ये. दोन भाऊ, नावाची तीन वळणं, सामाईक आडनाव शून्य. संगणकाने जुळवाजुळव केली तर हे भाऊ निघतच नाहीत. म्हणून जुनं स्पॅनिश ओळखपत्र, कुटुंबपुस्तिका, फॉस्फेट खाणीतली पगाराची पावती किंवा स्पॅनिश उंटदळातलं सैनिकी पुस्तक, यातलं काहीही पत्र्याच्या पेटीत असेल तर ते सोन्यासारखं. ऑक्टोबर २०१५ च्या पुरात छावण्यांतली मातीच्या विटांची घरं विरघळली, तेव्हा धान्यासोबत असल्या पेट्याही गेल्या.

तर्कटी

एवढं कशाला ताणायचं? १९८८ मध्ये मोरोक्कोचे राजे हसन दुसरे यांनी 'मातृभूमी क्षमाशील आणि दयाळू आहे' असं जाहीर केलं. त्यानंतर पोलिसारिओच्या संस्थापकांपैकी उमर हद्रामीसुद्धा १९८९ मध्ये परतले. इतरही अनेक. त्यांना घरं, नोकऱ्या, पदं मिळाली. म्हणजे दार उघडं आहेच. जे येत नाहीत त्यांना एकतर यायचं नाही, किंवा कुणी येऊ देत नाही. तिसरी शक्यता सांगा.

मोळी

@तर्कटी, तिसरी सांगतो: एकाने यायचं आणि बाकीच्यांनी मागे राहायचं, ही किंमत परवडत नाही.

ठळक उदाहरण मुस्तफा सल्मा यांचं, सगळं जाहीर नोंदीतलं. पोलिसारिओच्या पोलिसांचे महानिरीक्षक. वडील स्मारा शहरात, बायकामुलं छावणीत. २०१० मध्ये ते स्माराला वडिलांना भेटायला गेले आणि ऑगस्टमध्ये पत्रकार परिषद घेऊन म्हणाले की मोरोक्कोची स्वायत्तता योजना मला मान्य आहे, छावणीत परत जाऊन लोकांना हेच सांगणार. २१ सप्टेंबरला परतीच्या वाटेवर पोलिसारिओने त्यांना पकडलं. वर्षाअखेर त्यांना मॉरिटानियात सोडलं. छावणीत जाता येईना, वर्षानुवर्षं ते नुआक्शोतमध्ये मुलांपासून दूर राहिले. म्हणजे परतीची बाजू मांडणाऱ्याचंच घर दोन देशांत फुटलं.

आता उलट्या बाजूचं. सहरावींच्या हक्कांसाठी लढणाऱ्या अमिनातु हैदर छावणीतल्या नाहीत, लायूनमध्येच राहणाऱ्या. १३ नोव्हेंबर २००९ ला लायूनच्या विमानतळावर उतरल्यावर प्रवेशाच्या फॉर्मवर पत्ता म्हणून 'पश्चिम सहारा' लिहिलं आणि मोरोक्कन नागरिकत्वाचा रकाना भरला नाही. पासपोर्ट काढून घेतला आणि त्यांना कॅनरी बेटांवर लांझारोतेला पाठवून दिलं. तिथल्या विमानतळावर ३२ दिवस उपोषण केल्यावर डिसेंबरात परत येऊ दिलं.

दोन्ही प्रकरणांत माणूस अडला तो मतामुळे, आणि मत दिसलं ते अगदी साध्या ठिकाणी: एकाचं पत्रकार परिषदेत, एकीचं फॉर्मच्या रकान्यात. मोरोक्कोच्या बाजूला परतणाऱ्याला राष्ट्रीय ओळखपत्र घ्यावं लागतं, आणि त्यावरचं नागरिकत्व म्हणजे राजकीय प्रश्नाचं उत्तरच. 'दार उघडं आहे' हे खरं, पण उंबऱ्यावर सही आहे.

तर्कटी

उंबऱ्यावरची सही मान्य. पण छावणीच्या दारावरही पहारा आहे, तेही लिहा.

मोळी

लिहिलं की वर, सप्टेंबर २०१०.

पाटीपेन्सिल

भेटींचा कार्यक्रम कुणीच काढला नाही. कुटुंबांच्या बाबतीत प्रत्यक्षात चाललेली गोष्ट तेवढी एकच.

जानेवारी २००४ मध्ये छावण्यांतून पलीकडे फोन लावायची सोय झाली, मार्चमध्ये विमानं सुरू झाली. निर्वासित संस्था नावं घ्यायची, दोन्ही बाजूंना यादी दाखवून मंजुरी घ्यायची, आणि शांतिसेनेचं, म्हणजे मिनुर्सोचं, विमान तिंदूफहून एक तुकडी लायून, स्मारा, दाखला किंवा बुजदूरला न्यायचं. येताना तिकडची तुकडी तिंदूफला. मुक्काम पाच दिवस. संयुक्त राष्ट्रांचे पोलीस सोबत. झेंडे, घोषणा, मिरवणूक बंद. पाच दिवसांत वीस-तीस वर्षांचं भेटून घ्यायचं आणि परत.

सुरुवातीला लहान अँतोनोव विमान, म्हणून रांग हलेचना. २०१२ मध्ये मोठं बोइंग आणलं, तेव्हा वेग आला. जून २०१४ मध्ये सगळं थांबलं ते थांबलंच. दहा वर्षांत साधारण वीस हजार जणांना भेट मिळाली, आणि नोंदवलेल्यांपैकी मोठा भाग प्रतीक्षा यादीतच राहिला. विमान नादुरुस्त झालं म्हणून हे अडलं नाही, अडलं नावांवर: हा माणूस खरंच त्या कुटुंबातला का, याला का पाठवता, त्याला का नाही. एका नावावर हरकत आली की अख्खी तुकडी जमिनीवर.

गाडीरस्त्याने भेटी नेण्याचाही विचार झाला होता, प्रत्यक्षात एकही गाडी सुटली नाही. त्याचं कारण मोळी सांगतील.

मोळी

कारण सुरुंग. बांधाच्या पूर्वेच्या अंगाला सुरुंगांचे पट्टे आहेत, आणि जुन्या लढायांतले न फुटलेले गुच्छबॉम्ब वेगळे. बांधाकडेचा सुरुंग निदान कुठे आहे ते ढोबळ माहीत असतं. गुच्छबॉम्बची छोटी पिल्लं चेंडूसारखी, मैदानभर विखुरलेली, पोरं आणि उंट त्यांच्यावरच सापडतात.

पाऊस इथे क्वचितच पडतो, पण पडला की वाद्या, म्हणजे कोरडे ओढे, तुडुंब वाहतात आणि सुरुंग जागेवरून उचलून खाली आणतात. मागच्या वर्षी साफ केलेली वाट या वर्षी साफ असेलच असं नाही. म्हणून रस्ता एकदाच मोकळा करून भागत नाही, प्रत्येक पुरानंतर फेरतपासणी लागते. साफ केलेल्या वाटेच्या कडेला रंगवलेले दगड ठेवतात: लाल रंगाची बाजू धोक्याची, पांढरी मोकळी. वाळूच्या वादळात दगड बुजतात, हा आणखी एक ताप.

पोलिसारिओने २००५ मध्ये 'जिनिव्हा कॉल' संस्थेच्या करारावर सही करून जानेवारी २०१९ पर्यंत साठ्यातले २०,४९३ सुरुंग नष्ट केले. मोरोक्को सुरुंगबंदी करारात नाही. आणि बांध हा त्याचा चालू संरक्षणाचा भाग असल्याने, तो असेपर्यंत त्याच्यासमोरचे सुरुंग काढायला सैन्य तयार होणार कसं?

थोडक्यात, रस्त्याने परत जायचं तर बांधाला ठरलेल्या ठिकाणी भोकं पाडावी लागतील. प्रत्येक ठिकाणी साफ केलेला पट्टा, दोन्ही बाजूंचे निरीक्षक, पाणी, दवाखाना. आणि हे सगळं उन्हाळ्याच्या बाहेर. जून ते सप्टेंबर तिंदूफमध्ये पारा ४५ च्या वर जातो, तेव्हा म्हाताऱ्यांना ट्रकमध्ये घालून नेणं म्हणजे आफत.

कंदील

मग पूर्वेच्या पट्टीतच का परतत नाहीत? तिफारिती, बिर लहलू वगैरे. ती तर पोलिसारिओकडेच होती ना?

नकाशेवाला

@कंदील, प्रश्न मोलाचा. १९९० च्या दशकाअखेरीस निर्वासित संस्थेने छावण्यांत परतीची पूर्वनोंदणी घेतली, तेव्हा बऱ्याच जणांनी हेच सांगितलं: बांधाच्या पश्चिमेला सुरक्षित वाटत नाही, आम्हाला पूर्वेला न्या. योजना मात्र शहरांत परतण्याची होती, मतदान तिथे होणार म्हणून.

पूर्वेला अडचण पाण्याची. विहिरी तुरळक, बऱ्याच ठिकाणी पाणी खारट. पाऊस झालेल्या वर्षी शेळ्या-उंट घेऊन काही कुटुंबं तिकडे जात, हिवाळा काढत, परत छावणीत येत. तिफारितीत दवाखाना, शाळा उभ्या राहिल्या होत्या. पण शिधा, पाण्याचे टँकर, पिठाची गोदामं सगळं रबुनीला, तेव्हा हजारो माणसं तिथे वर्षभर टिकणं शक्यच नव्हतं. आणि नोव्हेंबर २०२० नंतर त्या पट्टीत ड्रोन हल्ले सुरू झाल्यावर तिथले गुरंपाळही छावण्यांकडे निघून आले. म्हणजे परतलेलेच पुन्हा विस्थापित.

हेळसांड

नामिबियाचं उदाहरण इथे लावून बघा. १९८९ मध्ये निवडणुकीआधी चाळीस हजारांहून जास्त नामिबियन निर्वासित काही महिन्यांत विमानांनी परत आणले, बहुतेक अंगोलातून. क्रम असा होता: आधी सर्वांना माफी, मग अर्ज, मग विमान, मग उतरल्यावर स्वागत केंद्र, आणि तिथून नातेवाइकांकडे. माफीच्या शब्दांवरूनच दक्षिण आफ्रिकेशी सर्वात जास्त खेचाखेच झाली, त्यापायी विमानं उशिरा सुटली. माफी फक्त 'राजकीय' गुन्ह्यांना की सगळ्यांना, हा प्रश्न.

तिथे जमलं कारण कोण नामिबियन यावर वाद नव्हता आणि दक्षिण आफ्रिका जायला निघाली होती. इथे दोन्ही नाही.

मोरोक्कोच्या एप्रिल २००७ च्या स्वायत्तता प्रस्तावात परतीचं कलम आहे, हे सहसा कुणी वाचत नाही. परतणाऱ्यांची प्रतिष्ठा, सुरक्षितता आणि मालमत्तेचं रक्षण, शिवाय सरसकट माफी: खटला नाही, अटक नाही, धाकदपटशा नाही. कागदावर नामिबियापेक्षा रुंद. पण माफी पाळली की नाही हे तपासणार कोण, त्याचं उत्तर त्या कलमात नाही. मिनुर्सोला मानवी हक्कांवर देखरेख ठेवायचा अधिकारच दिलेला नाही. त्याच आठवड्यात पोलिसारिओनेही आपला प्रस्ताव दिला होता, त्यात सार्वमत आधी. ३१ ऑक्टोबर २०२५ च्या सुरक्षा परिषदेच्या ठराव २७९७ ने वाटाघाटींचा आधार म्हणून स्वायत्तता योजना धरली: ११ मतं बाजूने, रशिया, चीन, पाकिस्तान तटस्थ, अल्जीरियाने मतदानात भागच घेतला नाही. म्हणजे २००७ चं कलम आता गंभीरपणे वाचायला हवं, आवडो न आवडो.

सातबारा

@हेळसांड, 'मालमत्तेचं रक्षण' यावर एक शंका. १९७५ नंतर लायून कितीतरी पट वाढलं. उत्तरेतून माणसं आली, १९९१ मध्ये सार्वमताच्या नावाने हजारो जणांना तंबूंत आणून वसवलं, त्या 'वहदा' वस्त्यांच्या पुढे पक्क्या वसाहती झाल्या. छावणीतून येणाऱ्याचं घर कुठलं धरायचं? जिथे आजोबांचा तंबू असायचा तिथे आज चार मजली इमारत. तिथल्या भाडेकऱ्याला काढायचं का? याचं उत्तर भरपाई निधीतच निघेल, कब्जात नाही.

कंदील

अवांतर: भारताचं यात काय?

पाटीपेन्सिल

भारताने १ ऑक्टोबर १९८५ ला पोलिसारिओने जाहीर केलेल्या सहरावी प्रजासत्ताकाला मान्यता दिली आणि जून २००० मध्ये काढून घेतली. दरम्यान मोरोक्कोच्या सरकारी फॉस्फेट कंपनीशी आपल्या चंबळ फर्टिलायझर्सची भागीदारी सुरू झाली होती, टाटा केमिकल्स त्यात नंतर आली. गोव्याच्या झुआरी समूहाचीही त्याच कंपनीशी भागीदारी आहे. फॉस्फेट मुख्यतः मोरोक्कोतलं, पण पश्चिम सहारातल्या बू क्रा खाणीचा मालही त्याच कंपनीच्या हातात. एवढंच, धागा तिकडे नेऊ नका.

सातबारा

स्पेनबद्दल एक ओळ राहिली. छावणीतले बरेच जण अल्जीरियन पासपोर्टवर प्रवास करतात, पण तो नुसता प्रवासापुरता, नागरिकत्व नाही. म्हणून २००७ मध्ये स्पेनच्या सर्वोच्च न्यायालयाने अशा सहरावींना राष्ट्रहीन दर्जा मान्य केला. २०२० मध्ये मात्र त्याच न्यायालयाने सांगितलं की पश्चिम सहारात जन्म म्हणजे स्पेनमध्ये जन्म नव्हे. म्हणजे माजी निर्वासित म्हणून माद्रिदमध्ये परतीची बाजू मांडणाऱ्याच्या खिशातही बहुधा कुठल्याच देशाचा पूर्ण कागद नसतो.

तर्कटी

ठीक, मान्य की एका फटक्यात जमणार नाही. पण भेटी तरी परत सुरू करा म्हणायला काय हरकत आहे? स्वायत्तता-सार्वमत काहीही होवो. अर्थात नकाशेवाल्यांच्या म्हणण्याप्रमाणे हवाई हद्दच बंद आहे, तर तेही नाही.

नकाशेवाला

@तर्कटी, तिथे मी ढोबळ लिहिलं, चूक माझी. अल्जीरियाची सप्टेंबर २०२१ ची बंदी मोरोक्कोत नोंदलेल्या विमानांना आहे, नागरी आणि लष्करी दोन्ही. संयुक्त राष्ट्रांनी भाड्याने घेतलेलं विमान त्यात येत नाही. वरचा प्रतिसाद आता संपादित करता येत नाही, म्हणून दुरुस्ती इथे.

म्हणजे आकाश मोकळं आहे. अडेल ते पाटीपेन्सिल यांनी सांगितलेल्या यादीवर.

पाटीपेन्सिल

आणि ती यादी २०१४ ची आहे. जशीच्या तशी वापरता येणार नाही. तेव्हा आईबरोबर एकाच अर्जात घातलेली दहा वर्षांची मुलं आता विशीत आहेत. त्यांचा अर्ज वेगळा, मंजुरी वेगळी. पुढे खरंच परत जायची वेळ आली तर निर्वासित संस्थेच्या नियमानुसार प्रत्येक प्रौढाची स्वतंत्र सही लागते, बायकोचीसुद्धा, कुटुंबप्रमुखाच्या एका अंगठ्यावर भागत नाही. शिवाय यादीतल्या किती जणांचे पलीकडचे नातेवाईक अजून हयात आहेत, हे फोनवर एकेक करून विचारावं लागेल. बाकी काही ठरो न ठरो, हे काम आजही सुरू करता येईल.